झाकलेली बाकं

१

फसली १३२० च्या, म्हणजे इंग्रजी १९१० च्या हिवाळ्यात मी मोमिनाबादला, म्हणजे आपल्या आंबाजोगाईला, निजाम सरकारच्या तामीरात, म्हणजे बांधकाम खात्यात नकाशे उतरवण्याच्या कामावर होतो. पलटण उठून सातएक वर्षं झाली होती. घोड्यांचे तबेले ओस पडले होते आणि परेडीच्या माळावर गावातली जनावरं चरत होती. त्या माळाच्या कडेला सरकारनं टाऊन हॉल बांधायला काढला. पुढच्या अंगाला कचेऱ्या, मागच्या अंगाला गाण्याचा हॉल. कचेऱ्यांचं सगळ्यांना पटलं. गाण्याचा हॉल कशाला, हे कोडं तहसीलदारांपासून न्हाव्यापर्यंत कुणालाच सुटलं नव्हतं.

तो इनेस साहेबाला हवा होता, एवढंच खरं. इनेस साहेब स्कॉटलंडचा, साठीला आलेला, लालबुंद कानांचा. लोक त्याला इनायत साहेब म्हणत आणि तो ओ देई. आवाज असा खणखणीत, की विहिरीपाशी उभा राहून त्यानं गवंड्याला दिलेली शिवी माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. त्याच्या गावाचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही. समुद्रकाठचं, करड्या दगडाचं मोठं शहर. तिथल्या सरकारी इमारतींचे नकाशे त्यानं पत्र्याच्या नळ्यांतून बरोबर आणले होते. मी ते आपल्या दगडाच्या मापानं पुन्हा उतरवत असे.

दुपारी तो मला त्या इमारतींचा इतिहास सांगे. उद्घाटनाला वाटायचं एक छोटं पुस्तक करायचं होतं, त्यातलं मराठी माझ्याकडे होतं. आधीचं नगरभवन, त्याच्या कमानींखाली बसणाऱ्या मासेवाल्या, तळघरातला तुरुंग, मग घड्याळाचा मनोरा, मग मोठी कचेरी, सगळं तो हातवारे करून सांगे. गाण्याचे हॉल तिथे एकाच जागी तीन झाले. पहिला जळाला. तिसरा उभा आहे. दुसरा इतका सुरेल होता, की तो ऐकायला परगावची माणसं येत. तो अकरा वर्षांत पाडला.

का पाडला, असं मी विचारलं. साहेबानं नकाशा गुंडाळून नळीत घातला. मग म्हणाला, लिही, हॉल अपुरा पडू लागल्यामुळे.

मी लिहिलं. आमच्यासाठी मी उतरवत होतो तो नकाशा दुसऱ्या हॉलचा होता. कोपऱ्यातल्या सालावरून मला ते कळलं होतं. त्याबद्दल मी विचारलं नाही.

२

साहेबाची एक गोष्ट मला लवकरच खटकली. बाहेर तोंडाला खळ नसलेला हा माणूस, गाण्याच्या हॉलचा उंबरा ओलांडला की एक शब्द बोलत नसे. काही सांगायचं झालं तर कोटाच्या खिशातून कागदाचा तुकडा काढी, पेन्सिलीनं लिही आणि माझ्या हातात देई. डावा कोपरा पुन्हा घोटा. तिसऱ्या खिडकीला तडा. मी तोंडानं उत्तर द्यायला गेलो की स्वतःच्या ओठांवर बोट ठेवी. असेल त्यांच्याकडची रीत, असं मी मनाशी म्हटलं. देवळात आपण चपला काढतोच की.

दुसरं म्हणजे बाकं. सागवानी बाकं बसवून झाली त्याच दिवशी त्यानं ती सगळी तरटानं झाकायला लावली. उद्घाटनापर्यंत तरट कुणी उचलायचं नाही आणि बाकावर बसायचं तर मुळीच नाही. चुन्याची धूळ बसू नये म्हणून असेल, असं मी धरून चाललो. खरं तर त्या हॉलचं चुनाकाम महिन्यापूर्वीच संपलं होतं.

३

चुना मळायला आणि गच्ची धोपटायला नांदूरघाटच्या बाजूच्या बायका होत्या. त्यांची म्होरकी चतुराबाई. पस्तिशीची, ठेंगणी, हातांना चुन्याच्या भेगा. तिचा नवरा धोंडीराम आधी मेंढरं राखायचा. रोगानं मेंढरं गेली, तेव्हा तो आमच्या चुना दळायच्या घाणीवर बैल हाकायला आला.

गच्ची धोपटताना वीस बायकांच्या थाप्या एका लयीत पडाव्या लागतात. ती लय चतुराबाईच्या ओव्यांवर चाले. ती ओवी टाकी, बाकीच्या झेलत. माहेराच्या, भावाच्या, योगेश्वरीच्या, जात्याच्या. मी वरच्या खोलीत नकाशावर वाकलेला असे आणि खालून ते येत राही. दोन महिन्यांत एक ओवी दुसऱ्यांदा ऐकल्याचं मला आठवत नाही.

एक ओवी मात्र ती मोठ्यानं म्हणत नसे. पाणी प्यायला सावलीत बसली की ओठांतल्या ओठांत काही तरी गुणगुणे. एकदा मी विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं, की दोन लेकरं पाळण्यातच गेली म्हणून तिसरीचं नाव मुद्दाम दगडी ठेवलं, म्हणजे तिच्यावर कुणाची नजर जाऊ नये. ती पाच वर्षांची होऊन प्लेगात गेली. ओवी तिची होती.

"ती कामावर म्हनायची न्हाई, मुन्शीजी," चतुराबाई म्हणाली. "ती माजी हाय."

त्याच आठवड्यात साहेबानं मला विचारलं, की हॉलचा आवाज तपासायला एखादा चांगला गळा मिळेल का.

नाव मी सुचवलं. दुसऱ्या कुणी नाही.

४

तपासणी रोज भर दुपारी, बायका भाकरीला बसल्या की. तेव्हा थाप्या बंद असत आणि घाणीचे बैल सोडलेले असत. चतुराबाई मंचावर उभी राही आणि ओवीमागून ओवी म्हणे. मी वेगवेगळ्या जागी, बाकांच्या मधल्या वाटेत उभा राहून ऐके. साहेब दाराबाहेर थांबे. आत येत नसे.

पहिल्याच दिवशी मला नवल वाटलं. साहेबानंच शिकवलं होतं, की रिकामी खोली घुमते. माणसं बसली, की त्यांची अंगं आणि कपडे आवाज पितात आणि घुमणं थांबतं. आमचा हॉल रिकामा होता. मी एकटा उभा होतो. तरी चतुराबाईचा शेवटचा शब्द तोंडातून सुटला आणि तिथंच संपला. शेकडो माणसं श्वास रोखून बसली असावीत तसा.

तरटामुळे, असं मी ठरवलं. तरट आवाज पीत असणार.

पण ऐकायला काय गोड लागे. गच्चीवर ऐकलेली तीच ओवी आत कोवळी, नितळ होऊन येई. प्रत्येक अक्षर कानाशी येऊन बसे. मी दुपारची वाट बघू लागलो.

आठेक दिवसांनी मी गच्चीवर गेलो होतो. भावाची एक ओवी मला फार आवडली होती, चतुराबाईनं ती आदल्या दिवशीच हॉलमध्ये म्हटली होती. ती पुन्हा म्हण, असं मी सांगितलं. तिनं थापी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोनची वो?"

ती नदीच्या उतारावरची, भाऊ घोड्यावरून येतो ती, असं मी म्हटलं. तिला आठवेना. शेजारच्या कडूबाईनं सुरुवात करून दिली. चतुराबाईनं ती नवीन ओवी ऐकावी तशी ऐकली आणि चांगली हाय म्हणाली.

माणूस विसरतं. दिवसभर उन्हात धोपटणाऱ्या बाईनं एखादी ओवी विसरावी यात काय एवढं. पण मी दुसऱ्या दिवशी दुसरी विचारली, मग तिसरी. हॉलमध्ये जी म्हटली ती तिच्याकडे उरलेली नसे. न म्हटलेल्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

गच्चीवरचं काम हळूहळू लयीतून सुटू लागलं. बायकांच्या थाप्या मागेपुढे पडू लागल्या. चतुराबाई मध्येच थांबे, आभाळाकडे बघे आणि तोंडावर पदर घेऊन हसे. लाजल्यासारखी. आता तो पदर आठवला की मला जेवण जात नाही.

मी त्याच दिवशी तपासणी बंद करायला हवी होती. तिला सांगायला हवं होतं. मी स्वतःला असं समजावलं, की माझ्या म्हणण्याला पुरावा काय. नकाशे काढणाऱ्या माणसानं, मापं घेणाऱ्या माणसानं असलं काही बोलायचं कसं? आणि साहेबानं सांगितलं होतं, की पुस्तकावर माझंही नाव घालायचं. ही दोन्ही कारणं खरी आहेत. तिसरं कारण असं, की मला ऐकायचं होतं.

५

उद्घाटन ठरलं. औरंगाबादहून सुभ्याचे मुख्य अधिकारी, सुभेदार येणार होते, हैदराबादहून गवई. साहेबानं चिठ्ठी दिली, की आता अगदी हळू आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो का तेवढं बघायचं राहिलं. शब्द नकोत, नुसता सूर चालेल, असं त्यानं खाली लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

चतुराबाईजवळ आता म्हणण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. ती मंचावर उभी राहिली आणि हात चोळत म्हणाली, की आज काय सुचत नाही. नुसता सूर लाव, एवढं म्हणणं माझ्या हाती होतं. चिठ्ठी माझ्या मुठीत होती.

मी म्हटलं, "ती ओठांतली म्हणा. हळूच म्हणायची आहे. बाहेर कुणाला ऐकू जायचं नाही."

ती म्हणाली, "ती नगं, मुन्शीजी."

मी म्हटलं, "एकदाच."

तिनं दाराकडे पाहिलं. मग डोळे मिटले. मी मागे, अगदी शेवटच्या ओळीपाशी जाऊन उभा राहिलो, आणि एवढ्या लांबवर तिचा तो पुटपुटणारा आवाज असा आला, जणू ती माझ्या खांद्याशी उभी आहे.

बालाघाटाच्या माथ्याला ऊन पडलं पिवळं
माज्या दगडीचं पाऊल धुळीत उठलं कवळं

शेवटच्या अक्षरानंतर हॉलमध्ये जी शांतता झाली तिच्यात मला प्रथमच भीती वाटली. ती संपलेल्या गाण्यानंतरची शांतता नव्हती. आणखी हवंय, अशी होती.

चतुराबाईनं डोळे उघडले. मंचावरून उतरली, पदर खोचला आणि विचारलं, "झालं का? जाऊ का कामावर?"

तिचा चेहरा अगदी मोकळा होता. गेल्या तीन महिन्यांत मी तो इतका मोकळा पाहिला नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीराम माझ्या खोलीच्या दाराशी आला. आत ये म्हटलं तरी येईना. पागोटं हातात घेऊन तो खाली बघत बोलला. त्यांच्या गाठोड्यात पोरीचा एक चांदीचा वाळा होता. चतुराबाई रोज सकाळी तो पदरानं पुसायची. आज गाठोडं सोडलं, वाळा हातात घेतला आणि त्याला विचारलं, की हा कुणाचा उचलून आणलास.

"म्या म्हनलं, दगडीचा," धोंडीराम म्हणाला. "तर मला म्हनती, कोन दगडी?"

त्याला वाटलं थट्टा. मग वाटलं ताप. अंगाला हात लावून पाहिला तर अंग गार. मग त्यानं तिला सगळं सांगितलं, पोर कधी झाली, कशी गेली, कुठं पुरली. तिनं ऐकलं आणि हळहळली. दुसऱ्या कुणाच्या घरचं ऐकावं तशी हळहळली.

"तुमी तिला काय म्हनाया लावलं, मुन्शीजी?"

मी पेन्सिल खाली ठेवली. उठून सरळ साहेबाच्या बंगल्यावर गेलो.

साहेब व्हरांड्यात चहा घेत होता. मी सगळं सांगितलं, ओव्यांचं, वाळ्याचं, माझ्या "एकदाच" म्हणण्याचंही. तो रागावला नाही, वेड्यात काढलं नाही. त्यानंच मला वेड्यात काढावं म्हणून मी आलो होतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानं एकच विचारलं, ती गात होती तेव्हा बाकं झाकलेली होती ना?

होती, म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. हिंदुस्थानीत तो इतक्या हळू बोलला, की मला पुढं वाकावं लागलं. तिकडे आम्ही झाकत नव्हतो, म्हणाला. मला वाटलं, झाकली की पुरेल.

त्याच्या घरचं कोण तिथं गायलं होतं, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. मी निघालो तेव्हा तो पुस्तकाची छापलेली पानं मांडीवर घेऊन बसला होता. वाचत नव्हता.

७

दुपारी मी हॉलमध्ये गेलो. धोंडीराम दाराशी थांबला. त्याला मी आत येऊ दिलं नाही, आयुष्यातल्या थोड्या बऱ्या कामांपैकी ते एक.

बाहेर लख्ख ऊन होतं. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे तरटावर पडले होते. मी मंचावर, चतुराबाई उभी राहायची तिथे उभा राहिलो. त्या जागेवरून मी हॉल कधी पाहिला नव्हता. मी नेहमी खाली असायचो, बाकांच्या बाजूनं.

मी म्हटलं, तिचं तिला परत द्या.

माझा आवाज सुटला आणि संपला. मी पुन्हा म्हटलं. मग हात जोडले. आणि जोडलेल्या हातांवरून समोर बघताना मला दिसलं.

बाकांवर तरट ताणून बांधलेलं होतं. गवंड्यांनी माझ्यादेखत बांधलं होतं, ढोलकीच्या कातड्यासारखं. आता ते जागोजागी खाली दबलेलं होतं. प्रत्येक बाकावर, हाताहाताच्या अंतरानं, बसलेल्या माणसाच्या वजनाचे खोलगट खड्डे. पाठ टेकली की कापड जसं आत जातं तसं ते पाठीशीही आत गेलेलं होतं. मी बघत असताना पहिल्या ओळीतला एक खड्डा सावकाश पुढं सरकला, बाकाच्या कडेपर्यंत. हळू बोलणाऱ्याचं ऐकण्यासाठी माणूस पुढं वाकतं तसा.

त्यानंतर मी काही तरी बोललो. काय, ते मला ठाऊक नाही. तिच्या बदल्यात माझं काही घ्या, असं म्हणायचं ठरवून मी आत गेलो होतो, एवढं आठवतं. धोंडीरामानं नंतर सांगितलं, माझे ओठ बराच वेळ हलत होते. दाराशी असूनही त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग मी मंचावरून उतरलो आणि चालत बाहेर आलो. तो म्हणाला, मी हसत होतो.

८

चतुराबाईला काही परत मिळालं नाही. धोंडीरामानं वाळा कुठं तरी पुरून टाकला आणि माघ संपायच्या आत दोघं नांदूरघाटला निघून गेली. जाताना तिनं मला वाकून नमस्कार केला. काम दिलंत म्हणून, म्हणाली.

उद्घाटन झालं. तरटं निघाली. गवयानं दोन राग गायले आणि तिसऱ्याच्या मध्येच घसा बसल्याचं सांगून उठला. त्यानंतर तिथं गाणं झाल्याचं मी ऐकलं नाही. साहेब उन्हाळ्यात विलायतेला गेला. पुढं मागच्या हॉलला कुलूप लागलं आणि कचेऱ्या तेवढ्या चालू राहिल्या. त्या पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे आहे. हॉल अपुरा पडू लागल्यामुळे, हे त्यात तसंच आहे. दोन्ही नावांखाली.

मी नोकरी सोडून माझ्या गावी, चकलांब्याला परतलो. पहिले काही महिने रोज सकाळी उठून स्वतःला तपासत होतो. आईचं नाव आठवतं. गीताबाईशी लग्न झालं तो मांडव आठवतो. औरंगाबादची शाळा, पहिला नकाशा, सगळं आठवतं. शाळेत मला कुणी घातलं, एवढं फक्त आठवत नव्हतं. तशी लहानपणीची गोष्ट, म्हणून मी तिथं थांबलो नाही. आपलं काही गेलं नाही, असं मला वाटू लागलं होतं.

मग पावसाळ्याच्या तोंडाला एक गृहस्थ घरी आले. पन्नाशीचे, शेतकरी, खांद्यावर घोंगडी. अंगणात मला बघून थांबले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी पुढं होऊन नमस्कार केला. म्हटलं, "या, बसा. कुठून येणं केलंत?"

ते बसले नाहीत. त्यांनी गीताबाईकडे पाहिलं.

गीताबाईनं मला आत नेऊन सांगितलं. हे आप्पा. माझे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यांनी मला खांद्यावर घेऊन वाढवलं, शाळेसाठी औरंगाबादला पायी पोचवलं, आणि मागच्याच दिवाळीला आम्ही दोघं एका ताटात जेवलो होतो. मी तिचं सगळं ऐकलं. मला वाईट वाटलं. दुसऱ्या कुणाच्या घरचं ऐकावं तसं.

ते अजून येतात. शेत बाजूलाच आहे, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी येतात. ओसरीवर बसून मला विहिरीत पोहायला कसं शिकवलं ते सांगतात, मी पहिल्यांदा शाळेतून आलो तेव्हा काय बोललो ते सांगतात. मी मन लावून ऐकतो. पहिल्या पहिल्यांदा ते माझ्या तोंडाकडे फार बघायचे. आता बघत नाहीत.

गीताबाई म्हणते, त्यांच्याशी मी अरे-तुरे बोलायचो. अरे आप्पा, ये रे, बस रे. थोरले असले तरी आमचं तसंच होतं. तिनं मला तसं म्हणून बघायला सांगितलं. मी एकटा असताना म्हणून बघितलंही, परसात, भिंतीकडे तोंड करून. शब्द नीट येतात.

ते दारात उभे राहिले की मात्र माझ्या तोंडून अजून अहोच येतं.